उसातील बिबट्या : अनेक खात्यांचा एक प्रश्न



घोड, भीमा व मुळा-मुठा या नद्यांच्या आणि कालव्यांच्या पाण्याने शिरूर व दौंड तालुक्यांचे रूप पालटले. ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. बारा ते अठरा महिने शेतात राहणाऱ्या या पिकात बिबट्याला आडोसा, पाणी व भक्ष्य एकाच ठिकाणी मिळाले. मादी उसातच पिलांना जन्म देऊ लागली. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुलांसह तिघांचा बळी गेला. अशा घटनेची नोंद वनखात्याकडे होते. परंतु तिच्यात शेती, वीज, आरोग्य, शिक्षण व ग्रामस्वच्छता यांचे धागे गुंतलेले असतात.

केवळ एका बाजूने पाहिल्यास काय होते, याचा अनुभव जुन्नर परिसराने घेतला आहे. तेथे 2001 नंतर बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याची मोहीम मोठ्या प्रमाणावर राबविण्यात आली. डॉ. विद्या अत्रेया व त्यांच्या सहकाऱ्यांचा याविषयीचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. 1993 ते 2001 या काळात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. मोहिमेनंतर ती सरासरी 17 वर गेली. उपाय सद्हेतूने योजला होता. परंतु प्राण्याच्या स्वभावाचे ज्ञान त्यास जोडले गेले नव्हते. माणसावर हल्ले करणाऱ्या बिबट्यास जेरबंद करणे अर्थातच आवश्यक आहे, व 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तशी तरतूदही आहे. मात्र रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. म्हणून त्यास गावाजवळ आणणारी कारणे दूर करणे हे काम शिल्लक राहतेच.

ही कारणे निरनिराळ्या खात्यांच्या अखत्यारीत आहेत. अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आढळला. कुत्री उकिरड्यावर पोसली जातात. तेव्हा कचऱ्याची विल्हेवाट लावणारी ग्रामपंचायत नकळत बिबट्याचाही बंदोबस्त करीत असते. शेळ्या-मेंढ्यांसाठी बंदिस्त गोठा हा पशुसंवर्धनाचा विषय आहे. शेतीपंपास रात्री वीज मिळाली, की शेतकऱ्यास अंधारात पाणी धरावे लागते. दिवसा वीजपुरवठा व्हावा म्हणून 2017 मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना या दृष्टीने जीवरक्षणाचीही योजना ठरते.

आरोग्य केंद्राची जबाबदारी तितकीच मोठी आहे. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे, रेबीज व धनुर्वात प्रतिबंधक लस, आणि खोल जखमेत रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिन हे उपचार विनाविलंब मिळाले पाहिजेत. शरीराची जखम भरली तरी मनातील भीती उरते; मुले शाळेस जाण्यास कचरतात, स्त्रिया सायंकाळनंतर घराबाहेर पडत नाहीत. तेथे शिक्षक व आशा कार्यकर्ती यांचे कार्य सुरू होते. ऊसतोडणी कामगारांची मुले तर उसाच्या फडालगतच वाढतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह किंवा निदान कोप्यांभोवती उजेड व कुंपण ही कारखान्यांनी व प्रशासनाने मिळून करावयाची गोष्ट आहे.

शिरूर तालुका जुन्नर वनविभागात, तर दौंड पुणे वनविभागात मोडतो. भीमाकाठच्या उसात फिरणाऱ्या बिबट्यास ही सीमा ठाऊक नसते. म्हणून दरवर्षी गाळप हंगामापूर्वी प्रत्येक गावाने वनरक्षक, ग्रामसेवक, वीज कर्मचारी, आरोग्य सेविका, मुख्याध्यापक व तोडणी मुकादम यांना एकत्र बसवावे. कोणत्या फडास तोड लागणार, शाळेची वाट कोणत्या उसालगतून जाते, उकिरडे कोठे आहेत, रात्री पाणी कोण धरतो, यांची एकच नोंदवही ठेवावी व ती शेजारच्या गावांसही दाखवावी. हल्ल्यानंतर प्रत्येक खाते आपापला पंचनामा किंवा अहवाल तयार करतेच. तीच माहिती हल्ल्यापूर्वी एका चावडीत एकत्र आली, तर एखाद्या वस्तीवरील मूल शाळेतून सुखरूप घरी पोहोचेल.