नायक मोठा, चित्रपट केवढा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



चित्रपट सुटतो, दिवे लागतात आणि वाहनतळावरून गाडी बाहेर काढेपर्यंत एक वाद रंगतो. त्या वादाविषयी आज तुमच्याशी बोलायचे आहे. आपल्या सोलापुरात तो मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूमिश्रित हिंदी अशा चार भाषांत होतो. महाशक्ती लाभलेल्या नायकांच्या, म्हणजे सुपरहीरोंच्या चित्रपटमालिका हा त्याचा अलीकडचा आवडता विषय. एकजण म्हणतो, 'पहिल्यासारखी मजा राहिली नाही.' दुसरा म्हणतो, 'तुला तो कळलाच नाही.' आणि घरी पोचेपर्यंत दोघे एकमेकांशी बोलेनासे होतात.

वडीलधाऱ्यांना वाटेल, हा पोरांचा पोरखेळ. पण आठवून बघा. इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळासाठी भावंडांची ओढाताण कोणी केली? बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार श्रेष्ठ की काळापहाड, यावर वाचनालयाच्या दारात तास तास कोणी घालवले? १९९७ ते २००५ या काळात 'शक्तिमान' पाहणारी मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत. त्याही मागे जायचे, तर बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या चाहत्यांचे दोन तट होते. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले, तेव्हा हे दोघे भामिनी आणि धैर्यधर म्हणून एकाच रंगमंचावर उभे राहिले. चाहत्यांचा वाद हा आपल्याकडे काल आलेला पाहुणा नाही.

आता आजच्या वादाकडे वळू. मार्व्हल कंपनीची चित्रपटमालिका २००८ मध्ये 'आयर्न मॅन'ने सुरू झाली. २०१९ च्या एप्रिलमध्ये आलेला 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' हा तिचा बाविसावा चित्रपट. अकरा वर्षांत बावीस चित्रपट आणि सगळ्यांचे धागे त्या एकात येऊन बांधलेले. त्याने जगभरात सुमारे २७९ कोटी डॉलर मिळवले. पुढे २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच मालिकेतला तेहेतिसावा चित्रपट 'द मार्व्हल्स' आला आणि त्याची मिळकत जेमतेम २१ कोटी डॉलरच्या आसपास थांबली. साडेचार वर्षांत असे काय बिघडले, हा चाहत्यांच्या वादाचा गाभा.

ज्येष्ठ दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांनी २०१९ च्या ऑक्टोबरमध्येच एका मुलाखतीत सांगून टाकले होते की, हे चित्रपट आपल्या लेखी सिनेमा नव्हेत, ते करमणुकीच्या बागांच्या जवळचे आहेत. जगभर गदारोळ झाला. सोलापूरकराला मात्र हे चटकन समजावे. दरवर्षी संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते. होम मैदानावर आकाशपाळणे फिरतात. पाळणा वर जातो, पोटात गोळा येतो, खाली येतो, आपण हसतो. पैसे वसूल! स्कॉर्सेसी यांचे म्हणणे असे की, हे चित्रपट म्हणजे तो पाळणा.

पण श्रोतेहो, गड्डा म्हणजे केवळ पाळणा नाही, हेही आपण जाणतो. नंदीध्वजांची मिरवणूक असते, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा असतो, होमविधी असतो. हे सारे दरवर्षी त्याच क्रमाने होते आणि त्याला शेकडो वर्षे झाली. 'तेच तेच काय' अशी तक्रार करून घरी बसलेला सोलापूरकर तुम्ही पाहिला आहे का? कीर्तनातही आख्यान जुनेच असते. म्हणून 'तोच तोच मसाला आहे' एवढ्यावरून चित्रपट वाईट ठरवणे मला पटत नाही. पुनरावृत्ती हा मुळात दोष नव्हे. दोष दुसरीकडे आहे.

तो कुठे आहे, हे एका उदाहरणाने सांगतो. २०१७ च्या 'लोगन' चित्रपटात वुल्व्हरीन हा नायक मरतो. थकलेला, जखमी, एका लहान मुलीला वाचवताना. लोक खरोखर हळहळले. २०२४ मध्ये 'डेडपूल अँड वुल्व्हरीन' आला आणि दुसऱ्या एका समांतर विश्वातला वुल्व्हरीन घेऊन तोच नट पडद्यावर परतला. चित्रपट धो धो चालला, लोक पोट धरून हसले. पण या समांतर विश्वांच्या युक्तीने एक गोष्ट कायमची हातातून गेली. आता पडद्यावर कोणी मेला, तरी प्रेक्षकाच्या मनात येते, 'येईल परत पुढच्या भागात.' मरणालाच किंमत उरली नाही, तर पराक्रमाला कुठून येणार?

याच्या शेजारी आपला 'पावनखिंड' ठेवून पाहा. २०२२ च्या फेब्रुवारीत तो आला. बाजीप्रभू पडणार हे मराठी मुलाला चौथीतच कळलेले असते. १६६० च्या जुलैमधली ती रात्र, ते मोजके मावळे, विशाळगडावरून होणाऱ्या तोफांकडे लागलेले कान, हे सगळे पाठ. तरीही चित्रपटगृहात डोळे पुसले गेले. शेवट ठाऊक असल्याने काही बिघडले नाही, कारण तो शेवट कोणी फिरवू शकत नाही. बाजी परत येणार नाहीत. माझ्या मते चाहत्यांना जी उणीव जाणवते पण नेमकी सांगता येत नाही, ती हीच आहे.

दुसरी उणीव संख्येची. २०२१ च्या जानेवारीपासून २०२२ च्या नोव्हेंबरपर्यंत मार्व्हलने सात चित्रपट आणि आठ मालिका आणल्या. पुढचा चित्रपट समजायचा, तर आधीची मालिका पाहणे आले. करमणूक म्हणून घेतलेली गोष्ट गृहपाठ होऊन बसली. मार्व्हल ज्यांच्या मालकीची आहे, त्या डिस्ने कंपनीचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी २०२३ मध्ये कबूल केले की, संख्या वाढवण्याच्या नादात लक्ष विखुरले. २०२४ मध्ये त्यांनी वर्षाला दोन, फार तर तीनच चित्रपट काढण्याचे जाहीर केले. जी गोष्ट चाहते वाहनतळावर ओरडून सांगत होते, ती कंपनीच्या प्रमुखांना मान्य करावी लागली. तेव्हा या वादाला पोरकट म्हणताना जरा जपून!

खर्चाचाही मुद्दा आहे. आपल्या शहरात तेलुगू बोलणारी हजारो कुटुंबे आहेत. २०२४ च्या जानेवारीत आलेला 'हनु-मान' त्यांच्या भाषेतला. हॉलिवूडच्या मानाने त्याचा खर्च किरकोळ. पण नायक गावातला, देव ओळखीचा, विनोद आपल्या मातीतला. महाशक्ती मिळाल्यावर हा भोळा पोरगा आता काय करील, ही उत्सुकता त्यात टिकून राहते. संगणकावर इमारती पाडायला पैसा लागतो. उत्सुकता मात्र लिहिणाऱ्याच्या टेबलावरच निर्माण व्हावी लागते.

आता आपल्या घरच्या मालिकेकडे येऊ. दिग्पाल लांजेकर यांनी 'शिवराज अष्टक' म्हणून आठ चित्रपटांचा संकल्प केला. २०१८ मध्ये 'फर्जंद', २०१९ मध्ये 'फत्तेशिकस्त', २०२२ मध्ये 'पावनखिंड' आणि दोनच महिन्यांनी 'शेर शिवराज', २०२३ मध्ये 'सुभेदार'. सहा वर्षांच्या आत पाच चित्रपट. मराठी चित्रपटाच्या तुटपुंज्या बळावर हे धाडस मोठे आहे आणि मुलांना हाताला धरून चित्रपटगृहात नेणारी कुटुंबे त्यामुळे वाढली, याचे श्रेय द्यायलाच हवे. आणि तरीही चाहता विचारू शकतो की, लढाईची दृश्ये एकमेकांसारखी का वाटतात? 'पावनखिंड'मध्ये बाजीप्रभू झालेले अजय पूरकर 'सुभेदार'मध्ये तानाजी झाले, तर दोन वीरांचे दोन स्वभाव मला वेगळे दिसले का? घोषणांनी अंगावर काटा येतो, पण घोषणा संपल्यावर प्रसंगात काय उरते? हे प्रश्न रास्त आहेत.

अडचण इथेच सुरू होते. आयर्न मॅनच्या चित्रपटाला कोणी टुकार म्हटले, तर फार तर मित्र रुसतो. आपल्या दैवताच्या चित्रपटाला 'पटकथा ढिली आहे' म्हटले की, कोणीतरी विचारतो, 'तुला महाराजांविषयी आदर नाही का?' तिथे चर्चा संपते आणि भांडण सुरू होते. २०२५ च्या जानेवारीत हिंदी 'छावा'ची झलक आली. संभाजी महाराज लेझीम खेळताना दाखवल्याबद्दल आक्षेप निघाले आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते दृश्य काढून टाकले. दृश्य योग्य की अयोग्य, यावर दोन मते असू शकतात. पण त्या गदारोळात पटकथा, अभिनय, संगीत यांविषयी बोलायला जागाच उरली नाही.

त्याआधीचा एक प्रसंग अधिक वाईट आहे. लांजेकरांच्या या मालिकेत शिवाजी महाराजांची भूमिका करणारे चिन्मय मांडलेकर यांना त्यांच्या मुलाच्या नावावरून समाजमाध्यमांवर इतके बोलले गेले की, २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी ही भूमिका यापुढे करणार नसल्याचे जाहीर केले. त्यांचा अभिनय आवडला की नाही, हा प्रश्नच नव्हता. एका नटाचे घर वादात ओढले गेले आणि प्रेक्षक एका भूमिकेला मुकला. याला चाहत्यांची चर्चा म्हणायचे का, हे ज्याने त्याने ठरवावे.

नायक आणि नायकावरचा चित्रपट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोलापूरकराला याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या गावचे. १९१० मध्ये इथे जन्मले, युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये जखमींवर उपचार करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला, स्वतः कोटणीस झाले आणि त्यांच्या चिनी पत्नीची भूमिका जयश्रीबाईंनी केली. आज तो पाहताना कोणाला जयश्रीबाईंची चिनी वेशभूषा खटकेल, कोणाला गाणी जास्त वाटतील. तसे म्हटल्याने कोटणीसांच्या कार्याला तिळमात्र बाधा येत नाही. चित्रपट शांतारामबापूंचा होता. कार्य कोटणीसांचे होते.

म्हणून वाद जरूर घाला. मुलांनाही घालू द्या. 'कसा होता?' एवढे विचारून थांबू नका. नायकाला नेमकी कशाची भीती होती, त्याने काय गमावले आणि तो प्रसंग काढून टाकला असता तर कथेचे काय बिघडले असते, असे तीन प्रश्न विचारा. दहा वर्षांचे पोरही यावर असे बोलते की, आपण थक्क व्हावे. आवडलेला चित्रपट का आवडला, हे सांगता येणे ही साधी गोष्ट नाही. आणि न आवडलेल्या चित्रपटाविषयी, समोरच्याचा आनंद न चिरडता बोलता येणे, ही त्याहून अवघड. गड्ड्यावर पाळण्यातून हसत उतरणाऱ्या पोराला 'यात काय आहे' असे आपण विचारत नाही. चित्रपटाच्या बाबतीतही तेवढे भान ठेवले, तर पुढचा भाग पाहायला दोघे पुन्हा एकाच गाडीवरून जातील.