रोजच्या संसारांतील देवावरचा भरंवसा
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त वारजे येथें दिलेलें व्याख्यान)



या शुभप्रसंगीं आम्हीं आपल्या धर्मग्रामाचा इतिहास सांगावा, अशी समितीची इच्छा होती. तो इतिहास स्मरणिकेंत छापला जाणारच आहे, व तो लिहिणारी मंडळी आमच्याहून अधिक माहितगार आहेत. म्हणून समितीच्या अनुमतीनें आम्हीं दुसरा विषय निवडला आहे, तो म्हणजे देवावरील भरंवसा. विषय नवा नाहीं. वेदीपाशीं उभे राहून आम्हीं त्यावर अनेकदां प्रवचन केलें आहे. परंतु आज जें सांगावयाचें आहे तें प्रवचनांत कधीं सांगितलें नाहीं, कारण सांगण्यास संकोच वाटत होता.

सन 2021 च्या एप्रिल महिन्यांत कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनें आपल्या शहरांत जो हाहाकार उडविला, तो तुम्हांस स्मरत असेलच. प्राणवायूच्या सिलिंडरसाठीं माणसें रात्र रात्र फिरत होतीं. मंदिराचीं दारें बंद होतीं. आम्ही रिकाम्या बांकांपुढें पवित्र मिस्सा अर्पण करीत होतों, आणि मिस्सा आटोपल्यावर फोनजवळ बसून राहत होतों. अशा एका सायंकाळीं रामनगरच्या बाजूस राहणाऱ्या आपल्यांतीलच एका बाईचा फोन आला. तिचा नवरा रिक्षा चालवीत असे. तो त्या दिवशीं सकाळीं वारला होता, आणि दफनाला घरचें कोणीही जाऊं शकलें नव्हतें. ती रडत नव्हती. तिनें एवढेंच विचारलें, "फादर, एकवीस दिवस आम्ही सगळ्यांनीं गुडघे टेकून रोझरी म्हटली. एक दिवस चुकविला नाहीं. मग देवानें आमचें कां ऐकलें नाहीं?"

सेमिनरींत वर्षानुवर्षें तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान शिकलेला मनुष्य जें उत्तर देतो, तेंच आम्हीं दिलें. देवाच्या योजना मनुष्यास अगम्य आहेत, तो दुःखांतूनही कल्याण घडवितो, इत्यादि. शब्द खोटे नव्हते. परंतु "बरं, फादर," म्हणून तिनें फोन ठेवला, आणि आम्हांस कळून चुकलें कीं भुकेल्या माणसापुढें आपण स्वयंपाकाचें पुस्तक वाचून दाखविलें. त्या रात्रीं आम्हांला प्रार्थना सुचली नाहीं. प्रार्थनेचें पुस्तक उघडलें, ओळींवरून डोळे फिरविले आणि मिटलें. धर्मगुरूनें असें चारचौघांत सांगावें कीं नाहीं, याविषयीं मतभेद होतील. आमच्या मतें पन्नाशी उलटल्यावर सांगण्यास हरकत नसावी.

पुढें कित्येक महिने आम्ही त्या प्रश्नाचा विचार करीत होतों. प्रथम आम्हांस असें दिसलें कीं आपला भरंवसा बहुधा सौद्याचा असतो. नऊ दिवसांची नोव्हेना झाली, म्हणजे दहाव्या दिवशीं नोकरी लागावी. मतमाउलीला पायीं गेलों, म्हणजे मुलीचें लग्न जमावें. हरेगांवच्या यात्रेची थट्टा करण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. सप्टेंबरच्या पावसांत चिखल तुडवीत आम्हीही तेथें गेलों आहों, आणि तेथें उभ्या असलेल्या आयाबायांचे चेहरे पाहून आमची स्वतःची भक्ति वाढली आहे. मागणें वाईट नव्हे. प्रभूनें स्वतःच आपणांस रोजची भाकर मागण्यास शिकविलें. पण मागणें निराळें आणि हिशेब मांडणें निराळें. हल्लीं मोबाइलवर एक प्रार्थना येते, ती अकरा जणांना पाठविली तर सायंकाळपर्यंत शुभवार्ता मिळते म्हणे. ती आम्हांला एकाच आठवड्यांत तिघांनीं पाठविली, त्यांतले दोघे आपल्या समितीचे सभासद आहेत. त्यांचीं नांवें आम्ही सांगत नाहीं.

संत मत्तय यांच्या शुभवर्तमानांत सैतान प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि उडी टाकण्यास सुचवितो. देवदूत झेलतील, असें पवित्र शास्त्रांत आहे ना, असा त्याचा युक्तिवाद. म्हणजे भरंवशाची परीक्षा पाहण्याची ही कल्पना मूळ कोणाची, तें ध्यानांत घ्या. प्रभु उडी टाकीत नाहीं. संत लूक यांनीं तर सिलोआमचा बुरूज कोसळून अठरा माणसें ठार झाल्याची गोष्ट दिली आहे. तीं माणसें इतरांहून अधिक पापी होतीं काय, या प्रश्नाला प्रभु स्पष्ट नकार देतो. त्यांची श्रद्धा कमी पडली म्हणून बुरूज पडला, असें म्हणणाऱ्यास शुभवर्तमानांत आधार नाहीं. आपल्यांत मात्र असें म्हणणारे आहेत. त्या बाईलाही कोणीतरी सांगितलें होतें कीं रोझरी म्हणतांना मन एकाग्र नसावें! हें ऐकून आम्हांस जितका संताप आला तितका क्वचितच येतो.

हा प्रश्न वारज्याच्या काठावर यापूर्वीही येऊन गेला आहे. 12 जुलै 1961 रोजीं पानशेतचें मातीचें धरण फुटलें. त्याच्या लोंढ्यापुढें खडकवासल्याचें जुनें दगडी धरणही टिकलें नाहीं, आणि मुठेचें पाणी आपल्या या काठावरून शहरांत शिरलें. हजारों घरें पडलीं, शेंकडों माणसें मृत्युमुखीं पडलीं. कोणाचें देवघर वाहून गेलें आणि कोणाचें राहिलें, यांत भक्तीचा हिशेब कोणासही लावतां येणार नाहीं. परंतु आदल्या रात्रीं काय चाललें होतें, तें पुष्कळांना ठाऊक नसतें. धरण खचूं लागलें तेव्हां लष्कराचे जवान भर पावसांत, अंधारांत वाळूचीं पोतीं भरून बांधावर रचीत होते. पोतें भरावें, उचलावें, ठेवावें. पाणी तें गिळी, कीं पुन्हां दुसरें. धरण वांचलें नाहीं. पण तें रात्रीं न फुटतां दिवस उजाडल्यावर फुटलें, आणि जें शहर झोपेंत बुडालें असतें त्यांतील असंख्य लोकांना पळण्यास उजेड मिळाला.

हें उदाहरण आम्हीं त्या बाईस सांगितलें नाहीं, आणि सांगणारही नाहीं. ज्याचें माणूस गेलें त्याला दुसरीं माणसें वांचल्याची कथा ऐकविणें क्रूरपणाचें होईल. परंतु आमच्यापुरता त्याचा उपयोग झाला. हातून पोतें सोडावयाचें नाहीं, मग धरण राहो वा न राहो, यालाच आम्ही हल्लीं भरंवसा म्हणतों. पूर्वीं आम्हीं केलेली व्याख्या याहून लांब आणि अधिक विद्वत्तेची होती.

तुमच्यापैकीं ज्यांचे आईबाप अहमदनगर जिल्ह्यांतून, आतांच्या अहिल्यानगरांतून, इकडे आले, त्यांना हें आम्हीं समजावण्याची गरज नाहीं. 1972 च्या दुष्काळांत खडी फोडून सुकडीवर दिवस काढलेलीं माणसें अजून आपल्यांत आहेत. येथें पाण्यानें माणसें नेलीं. तेथें पाण्यावांचून नेलीं. त्याच नगर भागांत फादर हर्मन बाखर या स्विस येशूसंघीयांनीं आयुष्य वेंचलें. ते 1948 सालीं भारतांत आले आणि 2021 सालीं निवर्तले. पावसासाठीं प्रार्थना करून ते थांबले नाहींत. डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणून पडलेला पाऊस जागच्या जागीं जिरवावा, गांवानें श्रमदान करावें, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वतःहून पाळावी, या मार्गानें त्यांनीं गांवोगांवीं काम उभें केलें. पाणलोट हा शब्द आज शेतकऱ्याच्या तोंडीं आहे, त्यांत त्यांचा वांटा मोठा आहे. पाऊस पाडणें त्यांच्या हातीं नव्हतें, आणि चर खणण्यासाठीं त्यांनीं पावसाची हमी मागितली नाहीं.

कोणी म्हणेल, हें तर कर्तृत्व झालें. ज्याच्या हातून कांहींच होण्यासारखें नाहीं त्यानें काय करावें? शंका रास्त आहे. लिझ्यूच्या संत तेरेजा यांचें चरित्र त्यासाठीं वाचावें. पोप फ्रान्सिस यांनीं 15 ऑक्टोबर 2023 रोजीं भरंवसा याच विषयावर पत्र काढलें, तें याच संतिणीविषयीं. 1896 च्या ईस्टरपासून ती निवर्तेपर्यंत, म्हणजे 30 सप्टेंबर 1897 पर्यंत, स्वर्ग आहे कीं नाहीं अशा घोर अंधारांत तिचें मन होतें. शरीर क्षयानें पोखरलेलें, वय अवघें चोवीस. तरीही तिनें प्रार्थना सोडली नाहीं. आम्हांला एका रात्रींत जें जमलें नाहीं, तें तिनें दीड वर्ष केलें.

आतां त्या बाईविषयीं थोडें सांगून आम्ही थांबतों. ज्या दिवशीं आम्हीं फोनवर ईश्वरविज्ञान सांगितलें, त्याच दिवशीं तिच्या चाळींतल्या चार बायकांनीं आपसांत पाळ्या लावल्या होत्या. घर बंद, मुलेंही तापलेलीं. पण चौदा दिवस दोन्ही वेळां उंबऱ्याबाहेर डबा आणि पाण्याची कळशी येत होती. चौघींपैकीं दोघी आपल्या धर्मग्रामांतल्या, दोघी नव्हत्या. त्यांपैकीं एकीनेंही देवाच्या इच्छेविषयीं अवाक्षर काढलें नाहीं. हें आम्हांस फार उशिरां, आणि तेंही तिच्या मुलाकडून कळलें. तो आतां बापाची रिक्षा चालवितो.

ती आठ महिने मंदिरांत आली नाहीं. आम्हीं बोलावणें पाठविलें नाहीं, तोंड नव्हतें. नाताळच्या आधीं एका रविवारीं ती मागच्या बांकावर दिसली, आणि पुढच्या रविवारीं मिस्सेपूर्वीं वेदीमागच्या खोलींत येऊन विचारूं लागली, "फादर, पाण्याची कुपी भरूं का?" द्राक्षारसांत जो पाण्याचा थेंब धर्मगुरु मिसळतो, त्यासाठींची ती लहान कांचेची कुपी. तेव्हांपासून तें काम तिचेंच आहे. बाहेरच्या नळाचें पाणी, तेंही खडकवासल्याहूनच आलेलें. ती कुपी विसळते, भरते, पुसते आणि ठेवते. तो प्रश्न तिनें आम्हांला पुन्हां विचारलेला नाहीं, आणि आम्हींही पुन्हां उत्तर दिलेलें नाहीं.