न दिसणारी फट

पाताळगंगेकाठच्या आपट्यात कुणाच्याही अंगणात जा. कुदळीला नवा दांडा बसवला, की घरधनी ती आधी हलवून बघतो. मध्ये खडा अडकला असला, तर वरून दांडा घट्ट वाटतो. पण चार दिवसांत कुदळ खडखडायला लागते. आज मी सांगणार आहे ती गोष्ट याच जातीची आहे. फक्त कुदळीच्या जागी दात आहे.

समजा, आपट्यातल्या एका आजोबांची दाढ गेली आणि त्यांनी पनवेलला जाऊन इम्प्लांट करून घ्यायचे ठरवले. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियम धातूचा लहानसा स्क्रू. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी हाड या धातूला धरून राहते हे ओळखले आणि १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. हाडाची पकड बसायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. मग त्यावर धातूची एक खुंटी बसते, आणि खुंटीवर दाताची टोपी.

खरी गोम इथेच आहे. स्क्रू आणि खुंटी यांचा सांधा बहुधा हिरडीखाली लपलेला असतो. मध्ये हिरडीचा पदर चिमटला, किंवा खुंटीचे कोन खाचेत नीट उतरले नाहीत, तर फट राहते. हाताला मात्र सारे घट्ट लागते! पुढे त्या फटीत जंतू घर करतात, हिरडी सुजते, हाड झिजू शकते. खुंटीचा पेच सैल होतो, कधी मोडतोही. आजोबांचे पैसे आणि सहा महिने, दोन्ही पाण्यात.

म्हणून टोपी पक्की करण्याआधी डॉक्टर तिथला एक्स-रे फोटो काढतात. रॉन्टजेन यांनी १८९५ साली शोधलेले हे किरण धातूत अडतात, म्हणून धातू पांढरा दिसतो. फट राहिली तर काळी रेघ उमटते.

पण फोटो सरळ हवा. गुरुजी, वर्गात हा प्रयोग करून दाखवा. दोन विटा एकमेकींवर ठेवा आणि मध्ये काडीएवढी फट सोडा. डोळा फटीच्या रेषेत आणला, तर पलीकडचा उजेड दिसतो. डोळा वर नेला, की फट नाहीशी! फट तशीच असते, बघणे तिरके झालेले असते. किरणांचेही तसेच. स्क्रूचे आटे दोन्ही बाजूंनी स्पष्ट दिसले, तर किरण सरळ गेले असे समजावे. आटे पुसट दिसले, तर त्या फोटोवर भिस्त ठेवू नये. शिवाय सरळ फोटोतही सांध्याच्या दोन कडाच नीट दिसतात. पुढची-मागची बाजू झाकलेली राहते. म्हणून डॉक्टरांचा हात आणि फोटो, दोघांची साक्ष लागते.

किरणांची भीती वाटते का? अशा एका लहान फोटोत मिळणारा किरणांचा अंश साधारण एका दिवसात निसर्गातून मिळतो तेवढाच. तरी विनाकारण फोटो काढू नये, आणि बाई गरोदर असेल तर तिने आधीच सांगावे.

तेव्हा मंडळी, खुर्चीवर बसल्यावर संकोच करू नका. “डॉक्टरसाहेब, सांधा बसल्याचा फोटो मला दाखवता का?” एवढे विचारा. कुदळ हलवून बघणाऱ्या माणसाला हे विचारायची लाज कशाला?