खिडकीखालचं झाड

नर्सरीतल्या काळ्या पिशवीत सगळीच झाडं गुणी दिसतात. आमच्या दारापुढे, खिडकीखाली, जेमतेम तीन फुटांचा वाफा आहे. तिथे मी वीतभर तगर आणून लावली. चार पावसाळ्यांत ती माझ्या डोक्याच्या वर गेली. फुलं भरपूर येत; मी खूश होतो. एक दिवस अम्मी म्हणाली, "बेटा, झाड छान आहे, पण गल्ली दिसत नाही रे." गुडघ्यांमुळे तिचं बाहेर जाणं बंद झालं होतं. खिडकीतून दिसणारी गल्ली तेवढी तिची उरली होती, आणि तीच मी झाकून टाकली होती.

छाटून पाहिली, पुन्हा वर. शेवटी मुळासकट काढली.

तेव्हा मित्रहो, रोपाची आजची उंची पाहू नका, पूर्ण वाढीची विचारा. खिडकीखाली अडीच-तीन फुटांत राहणारं झुडूप बरं. बुटकी एक्झोरा चालेल; पण तिला थोडी आम्लधर्मी माती लागते, भिंतीच्या चुना-सिमेंटजवळ पानं पिवळी पडतात. कण्हेर देखणी, पण सर्वांगी विषारी. घरात लहान मुलं असतील तर नकोच. मोगऱ्याला ऊन भरपूर हवं. थंडी सरता सरता छाटला की तो आटोक्यात राहतो आणि नव्या फुटीवर कळ्या धरतात.

आम्ही मोगराच लावला. उन्हाळ्यात अम्मी गजांतून हात घालून कळ्या खुडायची आणि गल्लीतून जाणाऱ्या पोरींना हाका मारून द्यायची.