दर नंतर, आधी परवाना



मिरजेत आजवर मला बोलावलं ते शाळेच्या नाहीतर पाण्याच्या प्रश्नावर. या वेळी चिठ्ठीत विषय होता 'पेस्ट कंट्रोल'. काहींना हसू आलं असेल. पण मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, आणि निवृत्तीनंतर एका शाळेच्या समितीवर हिशेब बघतो. दोन्हीकडून हा विषय माझ्यासमोर येतो. फवारणीचं बिल वाचताना मला रुपये दिसतात आणि विषही दिसतं.

आपलं शहर या धंद्याला फार सोयीचं आहे. मोठमोठे दवाखाने इथे, त्यामुळे रुग्णांचे नातेवाईक आठवडाआठवडा भाड्याच्या खोल्यांत राहतात. कोणाच्या पिशवीतून ढेकूण आला, कोणाच्या पिशवीतून गेला, कळत नाही. जुने वाडे, लाकडी माळे, त्यात वाळवी. कृष्णेचं पाणी २०१९ ला आलं, २०२१ ला आलं. भिंती ओल्या राहिल्या. सतारमेकर गल्लीत भोपळे आणि तुणाचं लाकूड वर्षानुवर्षं साठवलेलं असतं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण लाकूड पोखरणाऱ्या किड्याला त्याचं काय? आणि ज्या खोलीत फवारतात त्याच खोलीत कारागीर दहा तास मांडी घालून बसतो, हे फवारणारा विचारतसुद्धा नाही.

आता परवान्याचं बघू. तुम्ही विचारलं, "भाई, लायसन आहे का?" तर तो मोबाईलवर एक कागद दाखवतो. मी असे बरेच कागद पाहिलेत. बहुतेक वेळा तो गुमास्त्याचा असतो, नाहीतर उद्यमचा, नाहीतर जीएसटीचा. थोडे कामगार असलेल्या दुकानाला २०१७ च्या कायद्यानुसार फक्त सूचना द्यावी लागते. ती पावती म्हणजे गुमास्ता. उद्यमची नोंदणी आपण स्वतःच भरतो. जीएसटी क्रमांक म्हणजे सरकारला कर भरणारा माणूस, एवढाच अर्थ. यातल्या एकाही कागदाने तुमच्या घरात विष मारायचा अधिकार मिळत नाही.

तो अधिकार कीटकनाशक कायदा, १९६८ आणि त्याखालच्या १९७१ च्या नियमांतून येतो. स्वतःच्या घरात स्वतः औषध मारलं तर या कायद्याचं बंधन नाही, कलम ३८ मध्ये तशी सूट आहे. पण पैसे घेऊन दुसऱ्याच्या घरात मारायचं तर वेगळा परवाना लागतो. तो महापालिका देत नाही. राज्याचं कृषी खातं देतं. शेतीचं खातं आणि घरातलं झुरळ, लोकांना हा संबंधच सुचत नाही, म्हणून कोणी तिकडे चौकशीला जात नाही. परवान्यासाठी कृषी पदवीधर लागतो, किंवा रसायनशास्त्र घेतलेला विज्ञान पदवीधर, आणि त्याचं किमान १५ दिवसांचं प्रशिक्षण झालेलं हवं. हे प्रशिक्षण म्हैसूर, हापूड, हैदराबाद इथल्या केंद्रीय संस्थांत होतं.

आता दर. आमच्या समितीत रीत आहे तीन कोटेशन मागवायची आणि सगळ्यात खालचं घ्यायची. ऑडिटला बरं पडतं. पण वाळवीच्या कामात खालचं कोटेशन म्हणजे काय, ते मोजून बघा. बांधलेल्या घराच्या वाळवीसाठी भारतीय मानक आहे, ६३१३, भाग ३. भिंत आणि फरशी मिळते तिथे साधारण फुटाफुटावर भोक पाडायचं, आणि प्रत्येक भोकात जास्तीत जास्त एक लिटर द्रावण, जिरेल तेवढं. दहा बाय बाराच्या खोलीचा घेर ४४ फूट. दार वजा केलं तरी चाळीस भोकं, म्हणजे चाळीस लिटरपर्यंत द्रावण. तीन खोल्यांना शंभराच्या वर. वर भोकं बुजवायची. दोन माणसांचा पूर्ण दिवस जातो. आणि येतो कोण? पाठीवर दहा लिटरची टाकी घेतलेला एक पोरगा. पाऊण तासात तीन खोल्या उरकून, पाच वर्षांच्या गॅरंटीचा कागद देऊन जातो. तुम्ही खूश, कारण दर निम्मा. दहा लिटरमध्ये वाळवीचं घर काय भिजणार!

गंमत अशी की औषध महाग म्हणून दर वाढतो असंही नाही. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के लिटर पाण्याला २.१ मिली लागतं. चाळीस लिटरला ८४ मिली, चहाचा कप भरत नाही. खरा खर्च आहे मजुरीचा आणि वेळेचा. म्हणून मी दर विचारण्याआधी विचारतो: भोकं किती पाडणार, लिटर किती जाणार, माणसं किती, दिवस किती. ढेकणांसाठी विचारतो, दुसऱ्यांदा कधी येणार? ढेकणाची अंडी बऱ्याच फवाऱ्यांना दाद देत नाहीत, आठ-दहा दिवसांत पिल्लं बाहेर पडतात. दुसरी फेरी दरात धरलेली नसेल तर पहिलीचे पैसे वाया.

घाई असलेला माणूस मग काय करतो? धान्यात ठेवायच्या गोळ्या आणतो आणि गादीखाली सारतो. ॲल्युमिनियम फॉस्फाइड. तीन ग्रॅमची गोळी हवेतला ओलावा धरते आणि एक ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. तो वायू फटीतून, पाइपाच्या भोकातून शेजारच्या खोलीत जातो. त्यावर उतारा नाही. डॉक्टर फक्त शरीर सांभाळू शकतात. शेजाऱ्याने ढेकणांसाठी औषध ठेवलं आणि पलीकडच्या घरातली मुलं गेली, अशा बातम्या आपण मुंबईकडून वाचल्या आहेत. एका भिंतीच्या आपल्या चाळींत हे सांगायला नकोच. या गोळ्या किरकोळ गिऱ्हाइकाला विकायच्या नसतात, तरी मिळतात. डायक्लोरव्हॉसचंही तेच. ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आहे. कोणी आजही "जुना स्टॉक आहे, लगेच मरतात" म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

म्हणून बिलावर औषधाचं नाव आणि टक्केवारी लिहून घ्या. उद्या मूल बेशुद्ध पडलं तर दवाखान्यात पहिला प्रश्न तोच येतो. डबा बघायला मागा. लेबलवर चौकोनात त्रिकोणी रंग असतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. वाचता येत नसलेल्या खालालाही रंग ओळखता येतो.

आता त्या पोराबद्दल, ज्याच्या पाठीवर टाकी आहे. तो परका नाही. तो आपल्याच गल्लीतला, दहावी-बारावीनंतर घरी बसलेला. ठेकेदार त्याला कामाप्रमाणे पैसे देतो. हातमोजे नाहीत, मास्क म्हणजे रुमाल. चेहऱ्याची आग होते म्हणून रात्री बर्फ लावतो. नियमांत संरक्षक कपडे आहेत, नोकरीआधी आणि नोकरीत ठराविक काळाने वैद्यकीय तपासणी आहे. त्याला हे कोणी सांगितलेलं नाही. आपण दर पाडतो तेव्हा ठेकेदार नफा कमी करत नाही, हातमोजे कमी करतो.

काही साथी म्हणतात, परवान्याचा आग्रह धरला तर या पोरांची रोजी जाईल. हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. पदवीची अट त्यांना बाहेर ठेवते. पण परवान्यासाठी टोळीत प्रत्येक जण पदवीधर लागत नाही. आपल्या मोहल्ल्यांत बीएस्सी केमिस्ट्री झालेली मुलं-मुली मेडिकलच्या दुकानात पुड्या बांधतायत. त्यातल्या एकीने १५ दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आणि परवाना काढला, तर सहा पोरं तिच्या हाताखाली कायद्याने, हातमोजे घालून काम करतील. प्रवासाचा आणि फीचा खर्च मंडळाने उचलावा, असं मी आज मागतो आहे. शाळा, सोसायट्या, दवाखान्याजवळचे लॉज, एवढं काम याच शहरात आहे.

दुसरी मागणी कृषी खात्याकडे. आपल्या जिल्ह्यात चालू परवाने कोणाकडे आहेत, पत्ता आणि मुदतीसह, ही यादी सगळ्यांना बघता यावी. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे ती खात्याने स्वतःहून लावायला हवी. न लावल्यास दहा रुपयांचा अर्ज आहे आणि तीस दिवसांची मुदत आहे. अर्ज मी लिहून आणला आहे. दारापाशी टेबलावर ठेवलाय, स्टॅम्प लावलेला. ज्यांना स्वतःच्या नावाने वेगळा द्यायचा असेल त्यांच्यासाठी वीस प्रती आहेत, आणि कार्यालयाचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे.