काउंटरपलीकडची शाळा



छोट्या रेल्वेची मॉडेलं करणाऱ्यांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे. हे संमेलन पुण्यात भरतं आहे, याचा आनंद त्याहून मोठा आहे. याच शहरात, कोथरूडमध्ये, भाऊ जोशी यांच्या ध्यासातून छोट्या रेल्वेचं संग्रहालय उभं राहिलं आणि १९९८ साली ते लोकांसाठी खुलं झालं. बदलणारे सांधे, पडणारे सिग्नल आणि ठरल्या वेळी सुटणाऱ्या गाड्या महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी पहिल्यांदा तिथेच पाहिल्या. भाऊंच्या स्मृतीला वंदन करून मी बोलायला उभा आहे.

आज मी मॉडेल रेल्वेच्या दुकानांविषयी बोलणार आहे. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये गावोगावी असलेली ही दुकानं गेल्या काही दशकांत एकामागून एक बंद होत गेली. आपल्याकडे अशी दुकानं जवळपास नव्हतीच, मग त्यांच्या जाण्याचं आपल्याला काय, असं कुणी विचारेल. माझं उत्तर थोडक्यात असं आहे. दुकान मिटलं म्हणून माल मिळायचा थांबत नाही. तो आज पूर्वीपेक्षा सरस आणि घरपोच मिळतो. थांबतं ते शिकवणं. ही दुकानं विक्रीच्या निमित्ताने नवख्याला घडवत होती. ते काम आता कोण करतं, हा प्रश्न जितका त्यांचा आहे तितकाच आपलाही आहे.

या छंदाचं आणि दुकानाचं नातं अगदी जन्मापासूनचं आहे. जर्मनीतल्या ग्योपिंगेनच्या मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपत्सिशच्या जत्रेत चावीची गाडी मांडली आणि तिच्याबरोबर ठरावीक मापांचे, एकमेकांना जोडता येणारे रूळही आणले. त्यामुळे आज गोल रूळ घेतलेला माणूस उद्या सांधा घ्यायला परत येऊ लागला. पुढे १९०० साली न्यूयॉर्कमध्ये जोशुआ लायनेल काउएन यांनी आपली कंपनी काढली. त्यांची पहिली विजेची गाडी खेळण्यासाठी नव्हतीच. दुकानाच्या काचेमागे ती फिरत राहावी आणि रस्त्यावरच्या माणसाची नजर आतल्या मालाकडे वळावी, एवढाच तिचा हेतू होता. पण लोक आत येऊन गाडीच मागू लागले. अमेरिकेतल्या एका मोठ्या उद्योगाची सुरुवात अशी दुकानाच्या दर्शनी भागात झाली.

खेळण्याचा छंद कसा झाला, हे पाहायचं तर मिलवॉकी शहराकडे जावं लागतं. १९३२ साली तिथे विल्यम वॉल्थर्स यांनी मॉडेल रेल्वेच्या सुट्या भागांचा व्यवसाय सुरू केला. १९३४ च्या जानेवारीत अल कॅल्मबाख यांनी ‘मॉडेल रेलरोडर’ मासिक काढलं. १९३५ साली त्याच शहरात छंदिष्टांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि तिने चाकांची आणि रुळांची मापं ठरवून दिली. एका कारखान्याची वाघीण दुसऱ्याच्या रुळावरून घसरू नये, यासाठी हा खटाटोप होता. ही प्रमाणं ठरली, म्हणूनच एका छोट्या दुकानात दहा कारखान्यांचा माल शेजारी शेजारी नांदू शकला. आमचा एचओ हा १ : ८७ चा आकार घरोघरी पोहोचला, त्यामागे हे शिस्तीचं काम आहे.

हे दुकान असायचं तरी कसं? मागच्या भिंतीला छोट्या कप्प्यांचं कपाट, आणि त्यात कपलर, चाकं, शिड्या, कंदील, ब्रेकच्या नळ्या. केडी कंपनीचे पाच नंबरचे कपलर कुठल्या कप्प्यात आहेत, हे मालकाला न बघता ठाऊक. एका फळीवर फ्लोक्विल कंपनीचे रंग, शेजारी अक्षरांचे आणि आकड्यांचे चिकटपट्टे. काउंटरवर हातभर रूळ, इंजीन चालवून बघण्यासाठी. आत दुरुस्तीचं टेबल. दाराशी फलक, त्यावर कुणाच्या घरी लेआउट बघायला कधी यायचं याच्या चिठ्ठ्या. आणि एका कोपऱ्यात जुन्या, वापरलेल्या डब्यांचा ढीग. चौदा वर्षांच्या मुलाचा खिसा याच ढिगापाशी पुरा पडायचा.

आता हे सगळं विक्रीच्या नजरेने न बघता शिकणाऱ्याच्या नजरेने बघा. मुलगा येतो आणि सांगतो, की माझं इंजीन वळणावर अडतं. मालक आधी काही विकत नाही. वळणाची त्रिज्या विचारतो, चाकांमधलं अंतर मापून बघतो, रुळाच्या जोडाला सोल्डर नीट बसलं आहे का, ते विचारतो. शेजारी उभा असलेला रेल्वेतून निवृत्त झालेला ड्रायव्हर सांगतो, की खऱ्या रेल्वेतसुद्धा वळणावर बाहेरचा रूळ जरा उचललेला असतो. मुलगा दोन डॉलरचा माल आणि वर्षभर पुरेल एवढी समज घेऊन घरी जातो. ही समज कुठल्याही पावतीवर लिहिलेली नसते, पण तिची किंमत मालाच्या नफ्यातूनच निघत होती. नफा आटला तेव्हा ती देणारा माणूसही तिथे उरला नाही.

मंडळी, सगळा दोष इंटरनेटवर टाकून मोकळं होणं सोपं आहे. ते पुरतं खरं नाही. टपालाने माल मागवणं या छंदाला पहिल्यापासून ठाऊक होतं. मासिकांच्या पानापानांवर सवलतीत माल पाठवणाऱ्यांच्या जाहिराती असत आणि तरीही दुकानं चालत होती. माझ्या मते मोठा बदल मालाच्या स्वरूपात झाला. अॅथर्न कंपनीच्या निळ्या खोक्यातली वाघीण सुट्या भागांत यायची. ती जोडायला गोंद लागे, रंगवायला रंग, सजवायला शिड्या आणि दांडे, चांगली धावायला नवी चाकं. एका वाघिणीमागे दुकानात चार फेऱ्या होत. पुढे चीनमधल्या कारखान्यांतून तयार, रंगवलेले, बारीकसारीक तपशिलांनी नटलेले डबे येऊ लागले. खोकं उघडा आणि रुळावर ठेवा. मॉडेल विलक्षण सुंदर झालं, पण चार फेऱ्यांची एक फेरी झाली, आणि एकच फेरी असेल तर ती सवलत देणाऱ्या दूरच्या विक्रेत्याकडे का नको, असं गिऱ्हाइकाला वाटणं स्वाभाविक होतं.

त्याच्या जोडीला आगाऊ मागणीची पद्धत आली. कारखाना एखादं इंजीन जाहीर करतो, मागण्या गोळा करतो, तेवढीच संख्या बनवतो आणि माल कित्येक महिन्यांनी हातात पडतो. छोट्या दुकानदाराने वर्षभर आधी अंदाज बांधायचा. चुकला तर फळीवर पडून राहिलेल्या खोक्यांत त्याचं भांडवल अडकणार, आणि जपून मागवलं तर ऐनवेळी गिऱ्हाइकाला हात हलवत परत पाठवावं लागणार. वर जागेचं भाडं, वय झालेला मालक आणि पुढे दुकान चालवायला कुणी नाही, ही घराघरातली गोष्ट. डिजिटल नियंत्रण आल्यावर दुरुस्तीच्या टेबलाचं रूपही पालटलं. ज्या हातांना मोटरचे ब्रश बदलायची सवय होती, त्यांच्यापुढे आता डीकोडरची सेटिंग्ज आली.

या सगळ्याची ठसठशीत उदाहरणं आहेत. डेन्व्हरचं ‘कॅबूज हॉबीज’ हे दुकान १९३८ पासूनचं, आणि जगातलं सर्वांत मोठं मॉडेल रेल्वेचं दुकान म्हणून मिरवणारं. २०१६ साली ते बंद झालं. पुढे नव्या मालकांनी त्याच परंपरेतलं दुकान शेजारच्या लेकवुडमध्ये उघडलं, ही दिलासा देणारी गोष्ट. ब्रिटनमध्ये ‘मॉडेलझोन’ची साखळी २०१३ मध्ये कोसळली. लिव्हरपूलमध्ये १९४६ साली सुरू झालेल्या ‘हॅटन्स’ने तर ऑनलाइन विक्रीत मोठी मजल मारली होती, तरी २०२४ च्या जानेवारीत त्यांनीही व्यवसाय आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. नव्या वाटेवर चालायला शिकलेलं दुकानही टिकेलच असं नाही, हे त्यातून दिसतं.

छंद मात्र मेलेला नाही. हॅम्बुर्गचं ‘मिनिआटूर वुंडरलांड’ २००१ साली सुरू झालं आणि आज वर्षाला दहा लाखांहून अधिक माणसं तिथल्या छोट्या गाड्या बघायला जातात. इंजिनांतून खरे आवाज निघतात, घरच्या टेबलावर थ्रीडी प्रिंटरने डब्याची खिडकी बनवता येते. दूरच्या खेड्यातल्या छंदिष्टाला तर इंटरनेटने पहिल्यांदाच दार उघडून दिलं. आपण सगळे त्याचे लाभार्थी आहोत आणि ते कृतज्ञतेने मान्य केलं पाहिजे. पण लाखो माणसं बघायला येणं वेगळं आणि त्यातल्या एकाने घरी जाऊन पहिला रूळ ठोकणं वेगळं. बघणाऱ्याचा करणारा होतो, तो शेजारी कुणीतरी उभं राहिल्यामुळे. आपल्याला काय विचारायचं आहे हेच नवख्याला ठाऊक नसतं, आणि पडद्यावर शोधायचं तर आधी प्रश्न माहीत असावा लागतो. काउंटरवर नुसती बिघडलेली गाडी ठेवली तरी पुरत असे.

एकत्र बसून हातांनी शिकण्यातून काय निपजतं, याचा दाखला अमेरिकेतच आहे. एमआयटी या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी १९४६ साली मॉडेल रेल्वेचा क्लब काढला. लेआउटखालची वायरिंग सांभाळणाऱ्या मुलांनी टेलिफोन एक्स्चेंजचे जुने रिले जोडून गाड्यांचं नियंत्रण उभारलं. त्यातलीच काही मुलं पुढे विद्यापीठातल्या सुरुवातीच्या संगणकांकडे वळली, आणि संगणकाच्या जगातल्या हॅकर परंपरेचं एक मूळ त्या लेआउटखाली सापडतं. थोरल्याने धाकट्याला वायर कशी सोलायची ते दाखवलं, तिथून ही वाट निघाली.

आता आपल्याकडे वळतो. १९९१ पूर्वी आयातीवरच्या निर्बंधांमुळे परदेशी मॉडेल म्हणजे कुणा नातेवाइकाने सामानातून आणलेली अपूर्वाई. नंतर दारं उघडली, पण २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं आणि तयार माल पुन्हा हातापासून लांब गेला. त्याहून मूळची अडचण मापाची आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. १ : ८७ ने तो १९ मिलिमीटरच्या थोडा वर जातो. बाजारातला एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या गेजवरून आला. म्हणजे आपलं ब्रॉडगेजचं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजीन तयार रुळावर ठेवायचं तर त्याची चाकं आत घ्यावी लागतात, नाहीतर रूळच घरी बनवावा लागतो. आपल्यासाठी हा छंद अजून सुट्या भागांच्याच काळात आहे. म्हणजे तिथल्या दुकानाने जे शिकवलं, त्याची गरज आपल्याला सर्वांत जास्त आहे.

आपल्याकडे काउंटर अगदीच नाहीत असंही नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आपण रिले, एलईडी, ट्रान्सफॉर्मर घ्यायला जातो. तिथला जुना दुकानदार आजही विचारतो, “करताय काय नेमकं?” आणि मग महागाऐवजी योग्य ती वस्तू हातात देतो. चार रुपये वाचतात म्हणून त्याला वगळू नका, ही माझी पहिली विनंती.

दुसरी विनंती संघटनेला. प्रत्येक शहरातल्या गटाने महिन्यातून एक संध्याकाळ, ठरलेल्या जागी, दार उघडं ठेवून बसावं. हातभर रूळ, एक पॉवरपॅक, सोल्डरिंग आयर्न आणि दुरुस्तीचं टेबल, एवढं पुरे. त्या संध्याकाळी अनुभवी मंडळींनी एकमेकांची इंजिनं दाखवत बसू नये. नवीन आलेला मुलगा किंवा मुलगी, आणि त्यांच्याबरोबर आलेली आईसुद्धा, यांना पहिली खुर्ची द्यावी.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. आपल्यातला कुणी गेला, की त्याच्या संग्रहाचं काय करावं हे घरच्यांना कळत नाही. तिकडे दुकानदार घरी येऊन यादी करायचा, वाजवी मोल सांगायचा आणि ते डबे नव्या हातांत जायचे. हे काम आपण अंगावर घेऊ या. प्रत्येकाने आजच आपल्या संग्रहाची यादी करावी आणि गटातल्या दोघांना सांगून ठेवावी.

चौथं काम नकाशांचं. एव्हरर्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरने १८९७ साली आपल्या सोलापूर जिल्ह्यात अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, आणि त्या अनुभवाच्या जोरावर १९०४ मध्ये इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड ही रेल्वे बांधली. ती १९३४ सालीच बंद पडली, तरी तिथले मॉडेलकार आजही तिची इंजिनं आणि डबे घडवतात. त्यांच्याकडे मापं आहेत, आराखडे आहेत, ते पिढ्यांनी एकमेकांना दिले आहेत. बार्शीच्या डब्यांची मापं आपल्यापैकी कितीजणांकडे आहेत? कुर्डुवाडीच्या आणि माथेरानच्या छोट्या गाड्यांची, डेक्कन क्वीनच्या जुन्या डब्यांची मापं, छायाचित्रं आणि त्यांवर काम केलेल्या कामगारांच्या आठवणी आपण गोळा केल्या, तर मराठी छंदिष्टाला पहिलं मॉडेल आपल्याच रेल्वेचं करता येईल.

मित्रहो, बंद झालेल्या दुकानांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. त्यांच्या मालकांनी अल्प नफ्यात पिढ्या घडवल्या, आणि त्यांचं ऋण हा छंद करणाऱ्या जगातल्या प्रत्येकावर आहे. ते ऋण हळहळून फिटणार नाही. ते आपण दिलेल्या वेळाने फिटेल. म्हणून या अध्यक्षपदावरून मी एक ठराव आपल्यापुढे ठेवतो: पुढच्या संमेलनापर्यंत इथल्या प्रत्येक अनुभवी सभासदाने एका नवख्याला पहिला सांधा स्वतःच्या हाताने बसवायला शिकवावं, आणि त्याला बरोबर घेऊनच पुढच्या संमेलनाला यावं. या ठरावाला आपण एकमताने मान्यता द्याल, अशी खात्री बाळगतो.