वाट निवडताना

(धाराशिव येथे दहावी उत्तीर्ण विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे पेढे वाटून होण्याआधीच एक प्रश्न घरात येऊन बसतो. ‘मग, लातूरला कधी पाठवणार?’ वडील खोली पाहण्यासाठी लातूरला जातात, आई डब्याची चौकशी करते, मामा कोणत्या शिकवणीचा निकाल चांगला ते सांगतो. या सगळ्या धावपळीत ज्याला जायचे आहे त्याला मात्र कोणी काही विचारत नाही. आज मला त्याच्या वतीने थोडे बोलायचे आहे.

प्रथमच स्पष्ट करतो की लातूरला नावे ठेवण्यासाठी मी उभा नाही. मराठवाड्यातील मुलेही परिश्रमाने राज्यात अग्रेसर राहू शकतात, हा आत्मविश्वास लातूरच्या महाविद्यालयांनी दिला. त्याबद्दल आपण कृतज्ञच असले पाहिजे. परंतु एक हिशेब डोळ्यांसमोर ठेवा. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी देशभरातून २० लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आणि त्यांतही माफक शुल्काच्या शासकीय जागा त्याहून कमी. ज्याचा कल आहे, पाया पक्का आहे, त्याने हे आव्हान अवश्य स्वीकारावे. आता तर आपल्या धाराशिवमध्येच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रश्न त्याचा नाही. शेजारच्याने पाठवला म्हणून ज्याला पाठवले जाते, त्याचा आहे.

येथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. मी तीस वर्षांहून अधिक काळ विज्ञान शिकवले. माझ्या वर्गात एका शेतकऱ्याचा मुलगा होता. शाळेची बंद पडलेली पाण्याची मोटर त्याने नववीत असताना खोलून पुन्हा चालू केली होती. दहावीला त्याला उत्तम गुण मिळाले. वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, “गुरुजी, तुम्ही म्हणाल तसं करतो.” मी गुणपत्रिका पाहिली आणि क्षणाचाही विचार न करता म्हणालो, “डॉक्टर करा.” मुलगा शेजारीच उभा होता. त्याच्याकडे मी पाहिलेही नाही.

बारावीनंतर त्याने दोनदा पुन्हा परीक्षा दिली. दुसऱ्या वेळी दोन एकर जमीन गहाण पडली. पुढे तो मुलगा दिवाळीलाही गावी येईना. लोकांना काय तोंड दाखवायचे, हा त्याचा प्रश्न. अखेर त्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्रीचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि आज तो पवनचक्क्यांच्या देखभालीचे काम समाधानाने करीत आहे. जमीन मात्र अजून पूर्ण सुटलेली नाही. त्याचे वडील आजही भेटले की वाकून नमस्कार करतात. तो नमस्कार मला सहन होत नाही. मी गुण पाहिले होते, मुलगा पाहिला नव्हता.

बंधूंनो, शिक्षणाचा विचार केवळ गुणांच्या आणि पगाराच्या पलीकडे जाऊन करण्याची परंपरा याच मातीतली आहे. निजामी राजवटीत राज्यकारभाराची भाषा उर्दू आणि उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. मराठी बोलणाऱ्या मुलांचे शिक्षण अशा वेळी कोंडले गेले होते. त्या काळात आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा या लहानशा गावी राष्ट्रीय शाळा चालवली गेली. व्यंकटेश खेडगीकर नावाचे उच्चशिक्षित तरुण, कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासमवेत काम केलेले, मोठ्या शहरातील मानाची वाट सोडून या शाळेचे मुख्याध्यापक झाले. १९३० साली त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यांनी केले आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपण मुक्त झालो. अशा शाळेत मुलाला घालणाऱ्या पालकांनी केवळ नोकरीचा विचार केला असता, तर ती शाळा एक वर्षही चालली नसती.

दुसरे उदाहरण आपल्यापैकी अनेकांच्या आठवणीतले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे उद्ध्वस्त केली. मदतीसाठी देशभरातून स्वयंसेवक आले. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचे कार्यकर्ते हराळी येथे मात्र मदत वाटून परतले नाहीत. त्यांनी तेथे निवासी शाळा उभी केली आणि तिच्या जोडीला शेतीचे शिक्षण देणारे कृषी तंत्र विद्यालयही. बुद्धिमान मुलाने शेती शिकावी, यात कमीपणा नाही, हे त्यांनी कृतीतून दाखवले. आपण मात्र आजही “अभ्यास केला नाहीस तर शेती करावी लागेल” अशी धमकी मुलांना देतो. ज्या भूमीवर पोट भरते तिलाच आपण शिक्षा ठरवतो, मग मुलाने गावाकडे पाठ फिरवली तर दोष कोणाला द्यायचा?

आता प्रत्यक्ष वाटांचा विचार करू. वाट निवडताना पुढची पायरी आहे की नाही हे आधी पाहावे. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेला विद्यार्थी तंत्रनिकेतनाच्या पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊ शकतो. पदविकाधारक अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाऊ शकतो. म्हणजे ‘आयटीआयला गेला म्हणजे शिक्षण संपले’ ही समजूत चुकीची आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार कारखान्यात विद्यावेतनासह शिकण्याची सोय आहे. घरची ओढाताण असलेल्या मुलाला ही शिडी फार उपयोगी पडते, कारण तिच्या प्रत्येक पायरीवर कमावण्याची सोय आहे.

शेती, पशुपालन आणि दुग्धप्रक्रिया यांकडेही नव्या दृष्टीने पाहा. उस्मानाबादी शेळी ही जात देशभर ओळखली जाते. भूम परिसरातील खवा दूरवरच्या बाजारात जातो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र तुळजापुरात आहे. तुळजापुरातच टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर १९८६ पासून आहे आणि ग्रामविकासाचे शिक्षण घ्यायला परप्रांतातून मुले तेथे येतात. आपल्या किती मुलांना त्याची माहिती आहे?

ज्यांना सैन्यात अधिकारी व्हायचे आहे त्यांनी छत्रपती संभाजीनगर येथील सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची माहिती घ्यावी. १९७७ पासून ही शासकीय संस्था अकरावी-बारावीच्या मुलांना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी तयार करते. तिची प्रवेशपरीक्षा मात्र दहावीच्या वर्षातच होते. निकाल लागल्यावर जागे होणाऱ्यांसाठी ती नाही. त्यामुळे नववीतल्या धाकट्या भावंडांच्या कानावर हे आजच घाला.

माता-भगिनींना एक विशेष विनंती. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून राज्य शासनाने ठरावीक मागास व आर्थिकदृष्ट्या दुर्बल प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतूनच प्रवेश घेतला पाहिजे, एवढी अट लक्षात ठेवावी. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आजच काढून ठेवा. ‘मुलीवर एवढा खर्च कशाला’ ही पळवाट आता उरलेली नाही. ज्या जिल्ह्याची कुलस्वामिनी शिवछत्रपतींच्या कुळाची आराध्य देवता आहे, त्या जिल्ह्यात मुलीचे शिक्षण बारावीला थांबून तिच्या लग्नाची बोलणी सुरू व्हावीत, हे आपल्याला शोभत नाही.

आपला जिल्हा २०१८ साली देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. त्याचा सरळ अर्थ असा, की आरोग्य, शिक्षण, शेती-पाणी आणि कौशल्य या क्षेत्रांत आपण मागे आहोत. मग परिचारिका, शिक्षक, जलसंधारण जाणणारा अभियंता आणि यंत्र दुरुस्त करणारा कुशल कारागीर आपल्याला बाहेरून आणावा लागणार का? शिकायला जगभर जा, अवश्य जा. पण आपण मिळवलेल्या ज्ञानाचा एक वाटा या भूमीचा आहे, हे ऋण विसरू नका.

शेवटी पालकांना एकच काम सांगतो. आज रात्री जेवणे झाल्यावर दूरदर्शन संच बंद करा, मुलाला जवळ बसवा आणि विचारा, “बाळा, तुला कोणतं काम करताना वेळेचं भान राहत नाही?” त्याचे उत्तर पूर्ण ऐका. मध्ये बोलू नका. मग खर्चाचा हिशेब त्याच्यासमोर मांडा, किती वर्षे आपल्याला झेपेल ते स्पष्ट सांगा आणि ही वाट अडली तर दुसरी कोणती, तेही त्याच रात्री दोघांनी मिळून ठरवा. दुसरी वाट ठाऊक असलेला मुलगा अपयशानंतर घरी येतो. ती ठाऊक नसलेला येत नाही.

मी एकदा हे विचारायला विसरलो होतो. तुम्ही विसरू नका. आई तुळजाभवानी सर्व विद्यार्थ्यांना यश देवो, ही प्रार्थना करून थांबतो.

भारत माता की जय.